मामीची गोळी

मासे बंद होऊन नववा दिवस होता, तेव्हा मामीचा फोन आला. "गो बाय, आणखी किती दिस?" आवाज जड, ओढलेला. मी म्हटलं, अजून पाच. पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "तुझ्या मामान आज बांगडे हाडले. वास घरभर."

शिरोड्यात दोन आठवडे बिनमाशाचं जेवायचं म्हणजे श्रावणच. पण श्रावणात निदान अख्खी वाडी सोबतीला असते. इथे मामी एकटीच कुळथाची पिठी आणि भात घेऊन बसलेली, आणि तिच्या पिठीतलं मीठसुद्धा वेगळं.

मामीची थायरॉइड ऑपरेशन करून काढली होती. गाठ कर्करोगाची निघाली. शरीरात कुठे चुकूनमाकून थायरॉइडच्या पेशी उरल्या असतील, तर त्या मारण्यासाठी तिला किरणोत्सारी आयोडीन द्यायचं ठरलं. थायरॉइडच्या पेशी आयोडीनच्या हावऱ्या. बांगड्यातलं आयोडीन आणि अणुभट्टीतलं आयोडीन यांतला फरक त्यांना कळत नाही. म्हणून आधी त्यांची उपासमार करायची, मग हवं ते ताट पुढे करायचं. थायरॉइडच्या गोळ्याही महिनाभर बंद, कारण त्या बंद झाल्या की मेंदू त्या पेशींना 'ओढा, ओढा' म्हणून ओरडायला लागतो. त्यात माणूस मात्र आंबून जातो. हातपाय जड, चेहरा सुजलेला, भर मे महिन्यात थंडी.

मिठाचा प्रकार तर वेगळाच. यादीत लिहिलं होतं, आयोडीनयुक्त मीठ नको, समुद्रमीठही नको. मामाचा संताप संताप झाला. ज्या शिरोड्यात १९३० साली मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तिथल्या मिठागराचं मीठ नको? खरं सांगायचं तर मिठागरातल्या जाड्या मिठात आयोडीन नाममात्रच असतं. बरंचसं मागे राहिलेल्या खाऱ्या पाण्यातच राहून जातं. पण यादीशी वाद घालायला मी तिथे नव्हते. मामीने उपासाचं सैंधव काढलं आणि विषय संपवला.

मी मुंबईत एका रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिनची टेक्नॉलॉजिस्ट आहे. गावात विचारतात तेव्हा 'एक्स-रेसारखंच काहीतरी' असं सांगून सुटका करून घेते, पण ते खोटं आहे. एक्स-रेत किरण यंत्रातून निघून माणसातून आरपार जातात. आमच्याकडे उलट. किरण देणारं औषध माणसाच्या आत जातं, आणि यंत्र नुसतं बाहेर बसून बघतं. त्यामुळे ते आत कसं गेलं, कुठून गेलं, किती वेगाने गेलं, यावर सगळं उभं राहतं. लोक येऊन कॅमेऱ्याकडे कौतुकाने बघतात. मला वाटतं, चित्र त्याच्या कितीतरी आधी बिघडतं किंवा जमतं. सुई टोचतानाच.

मामीला हे अर्धवट माहीत होतं. म्हणून तिचा प्रश्न ठरलेला, "तूच माका टोचतलंस मा?" मी म्हटलं, तुला टोचायचं नाही, गोळी गिळायची. ती चक्क हिरमुसली. "गोळीच गिळूची तर ती वेंगुर्ल्यात गावत नाय?"

आमच्या कामात दहातले नऊ रुग्ण शिरेतून टोचायचे. सकाळी साडेसातला हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करायच्या खोलीत, जनरेटरचं 'दूध काढायचं'. हा शब्द माझा नाही, जगभर असंच म्हणतात, आणि जनरेटरला गाय म्हणतात. आत अॅल्युमिनाच्या नळीवर मोलिब्डेनम चिकटलेलं असतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ६६ तासांचं, आणि त्यातून सतत आमचं किरण देणारं टेक्नेशियम तयार होत राहतं, ज्याचं अर्धायुष्य ६ तास. वरून सलाइन सोडलं की टेक्नेशियम धुऊन खाली येतं आणि मोलिब्डेनम जागेवर राहतं. दुसऱ्या दिवशी गाय पुन्हा पान्हावते. पण सोमवारची गाय आणि शुक्रवारची गाय यांत फरक असतो. शुक्रवारी सोमवारच्या जेमतेम एकतृतीयांश दूध. आठवड्याच्या शेवटी रुग्ण कमी घेतो त्याचं कारण हेच. रिसेप्शनवर भांडणाऱ्या नातेवाइकांना हे कसं समजावायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

मग ते टेक्नेशियम हव्या त्या अवयवाकडे जाणाऱ्या रसायनाच्या पाठीवर बसवायचं. हाडांकडे पाठवायचं असेल तर एमडीपी, मूत्रपिंडांसाठी डीटीपीए, हृदयासाठी मिबी. डोस कॅलिब्रेटर या यंत्रात त्याचा किरणोत्सार मोजायचा, सिरिंज टंगस्टनच्या जाड कवचात घालायची. हे कवच हातात घेतलं की पाट्याचा वरवंटा उचलल्यासारखं वाटतं. आणि त्या वरवंट्याने तुम्हाला सत्तरीतल्या आजीची धाग्यासारखी शीर गाठायची असते.

कोकणातल्या बायकांच्या शिरांबद्दल मी एक स्वतंत्र लेख लिहू शकेन. कोयतीने, काथ्याने, मिठाने राठ झालेले हात. तळहातावर घट्टे, मनगटावर कातडी जाड, पण आत शिरा सुंदर, दोरीसारख्या. त्याउलट, केमो घेतलेल्यांच्या शिरा जळून गेलेल्या. बोटाला लागतात, सुई घातली की निसटतात. अशा वेळी हात कोमट पाण्यात ठेवायला सांगते, खाली लोंबकळत ठेवायला सांगते, आणि गावाची चौकशी करते. 'कणकवलीपासून किती आत?' हे विचारेपर्यंत अर्ध्यांचे हात सैल पडतात.

आमच्याकडे शिरेचा नियम साधा आहे. आधी बटरफ्लाय सुई, तिला थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांची तोटी, मग थोडं सलाइन ढकलून बघायचं. सहज गेलं, फुगलं नाही, रुग्णाने तोंड वाकडं केलं नाही, तरच औषध. औषधामागून पुन्हा सलाइन, म्हणजे नळीत काही उरायला नको. स्तनाचं ऑपरेशन झालेलं असेल तर त्या बाजूचा हात धरायचाच नाही. दोन्ही बाजूंचं झालं असेल तर पायाची शीर.

हा नियम मी एकदा मोडला. नोकरीला दुसरं वर्ष, शनिवार, रांग मोठी. एका बाईंना हाडांच्या स्कॅनसाठी टोचताना सलाइनची चाचणी न करता थेट औषध ढकललं. त्या 'जळजळतं' म्हणाल्या, मी 'होईल बरं' म्हटलं. तीन तासांनी चित्र आलं तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला एक काळाकुट्ट गोळा, आणि त्याच बाजूच्या काखेत एक लख्ख ठिपका. शिरेबाहेर सांडलेलं औषध लसिकेच्या, म्हणजे शरीरातलं जास्तीचं पाणी गोळा करणाऱ्या बारीक नळ्यांच्या, वाटेने काखेतल्या गाठीत जाऊन बसलं होतं. आजाराचा तिथे काहीही संबंध नव्हता. पण त्या बाईंना कर्करोग होता, आणि डॉक्टरांची पेन्सिल त्या ठिपक्याशी थांबली. मी जाऊन कबूल केलं. कबूल केलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही. त्यानंतर सुई कोणत्या हातात, कुठे, बाहेर गेलं का, हे मी प्रत्येक वेळी कागदावर लिहिते, कोणी विचारो न विचारो.

याच शिरेच्या वाटेवरून या विद्येची सुरुवात झाली होती. १९२५ साली बोस्टनच्या हर्मन ब्लुमगार्ट यांनी एका हाताच्या शिरेत रेडॉनपासून मिळवलेला किरणोत्सारी पदार्थ टोचला आणि दुसऱ्या हातापाशी तो पोचायची वाट पाहिली. निरोगी माणसात सुमारे १८ सेकंद. या हातापासून त्या हातापर्यंत. नवी मुलं शिकायला आली की मी त्यांना हे सांगते आणि घड्याळ धरून १८ मोजायला लावते. तेवढ्यात औषध उजव्या हृदयातून फुप्फुसात, तिथून डाव्या हृदयात, तिथून दुसऱ्या हातात. मोजताना सगळे गप्प होतात.

शिरेतल्या औषधांत माझं सगळ्यात लाडकं आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे एमएए. माणसाच्याच रक्तातल्या प्रथिनाचे बारीक कण, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापासून दहाव्या हिश्श्याच्या आतले. ते शिरेतून गेले की फुप्फुसातल्या केशवाहिन्यांत अडकून बसतात, आणि जिथे रक्त पोचत नाही तिथे चित्रात भोक दिसतं. हे कण तळाशी बसतात. सिरिंज हलवत राहावं लागतं. घावनाचं पीठ जसं प्रत्येक पळीआधी ढवळावं लागतं, नाहीतर पहिलं घावन पाण्याचं आणि शेवटचं दगडाचं, तसंच. रुग्णाला आडवं झोपवायचं, बसलेल्या माणसाला टोचलं तर बराच ऐवज फुप्फुसाच्या खालच्या भागात जातो. आणि शीर मिळाली का हे बघायला सिरिंजमध्ये रक्त मागे ओढायचं नाही. बाकी सगळीकडे जी सवय चांगली, ती इथे घातक. रक्त मिसळलं की कणांच्या गुठळ्या होतात आणि फुप्फुसभर चांदण्या उमटतात. आईच्या हाताखाली घावनं घातली नसती तर मला एमएए इतक्या लवकर जमलं नसतं, असं मी विभागात म्हणते आणि माझे बंगाली सहकारी हसतात.

शिरेच्या वाटेला रुग्णाचीही शिस्त लागते. पेट स्कॅनची किरणोत्सारी साखर, म्हणजे एफडीजी, टोचल्यावर तासभर गप्प पडून राहायचं असतं. बोलायचं नाही, चघळायचं नाही, मोबाइलवर बोटं नाचवायची नाहीत. जो स्नायू काम करेल तो साखर ओढेल. आता मालवणी माणसाला तासभर गप्प बसवणं म्हणजे काय! दोन खाटांवर एक देवगडचा आणि एक कुडाळचा आला की पडद्याआडून गजाली सुरू. मग चित्रात घशाचे स्नायू उजळलेले. मी आता हसून सांगते, काका, तुमच्या गजाली फोटोत दिसतात.

पण सगळं शिरेतून जात नाही, आणि मला वाटतं, या धंद्याची खरी गंमत तिथेच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे किनाऱ्यावरच्या एका गावाहून मासे विकणारी बाई आली होती. स्तनाचा कर्करोग, गाठ लहान. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. तिचा एकच प्रश्न, पाटी डोक्यावर चढवता येईल ना? तिच्या ओळखीतल्या एकीची काख साफ केली होती, तिचा हात सुजून खांबासारखा झाला होता, आणि ती पुन्हा बाजारात बसली नव्हती. या बाईला आम्ही शिरेत काही दिलं नाही. इन्सुलिनची बारीक सुई घेऊन स्तनाग्राभोवतीच्या कातडीच्या अगदी आत, थेंबभर औषध सोडलं. कातडीवर मुंगी चावल्यासारखा फोड उठतो. दुखतं. इवल्याशा जागेत दाब पडतो म्हणून शिरेतल्या सुईपेक्षा जास्त दुखतं. तिने माझं मनगट धरलं. मग तिथे दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने चोळायचं, म्हणजे औषध लसिकेच्या वाटेला लागतं.

तिथून ते काखेतल्या ज्या गाठीत सगळ्यात आधी पोचतं, तिला सेंटिनल नोड म्हणतात. कर्करोग काखेत शिरला असेल तर तिच्यातूनच शिरेल. ती स्वच्छ असेल तर बाकीची काख कापायची गरज नाही. मी त्या बाईला म्हटलं, ही राखणदार गाठ. तिचे डोळे लगेच चमकले. आमच्याकडे आरवलीला वेतोबा आहे, गावाचा राखणदार. रात्री गावाभोवती फिरतो, म्हणून त्याला भल्यामोठ्या वहाणा वाहतात, आणि त्या झिजतात असं लोक सांगतात. 'म्हंजे आधी राखणदाराक विचारूचा?' ती म्हणाली. मी म्हटलं, हो, आधी राखणदाराला विचारायचं. वीस मिनिटांत काखेत एकच ठिपका उजळला. मी कातडीवर मार्करने फुली मारली. दुसऱ्या दिवशी तेवढीच गाठ काढली, आणि ती स्वच्छ होती.

तेच टेक्नेशियम. शिरेत दिलं असतं तर अंगभर फिरलं असतं आणि काखेबद्दल एक अक्षर बोललं नसतं.

नाकातोंडाने द्यायचं असेल तर फवारा, आणि फवाऱ्याचा थेंब मोठा झाला तर तो घशातच चिकटतो, फुप्फुसाच्या तळाशी पोचतच नाही. डोळ्यातून पाणी सतत गळणाऱ्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक बारीकसा थेंब सोडायचा आणि तो नाकात उतरतो का बघायचं. लहान मुलांच्या मूत्राशयात नळीने सोडायचं. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सोडायचं असेल तर सुई डॉक्टरांची, मी फक्त सिरिंज हातात देते आणि श्वास रोखून उभी राहते. पोट किती वेळात रिकामं होतं हे बघायला अंड्यात मिसळून खायला घालतात. मिसळायचं ते शिजवण्याआधी, कारण ते घट्ट अन्नाला घट्ट चिकटलं पाहिजे. नुसतं वरून टाकलं तर ते पाण्याबरोबर आधीच पळून जातं आणि पोट चपळ असल्याचा खोटा दाखला मिळतो. भारतात इडलीत घालूनही हा अभ्यास झालेला आहे. पेजेत का नाही, हे मी एकदा विचारलं होतं. सरांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यावरून मी तो विषय परत काढला नाही.

यकृताचा प्रकार मात्र मला कायम माझ्या आजोबांकडे नेतो. यकृतातल्या कर्करोगाच्या गाठी रक्त घेतात ते मुख्यतः रोहिणीतून, आणि निरोगी यकृताला बहुतेक रक्त मिळतं ते आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून. एकाच वाडीत दोन पाट. त्यामुळे मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी थेट यकृताच्या रोहिणीपर्यंत नेऊन किरणोत्सारी यिट्रियमचे कण सोडले, तर ते गाठीतच जाऊन बसतात. आजोबा पोफळीच्या बागेत पहाटे पाणी लावायचे. खोऱ्याने एका ठिकाणी माती ओढायची, दुसऱ्या ठिकाणी फोडायची, आणि पाणी बरोबर त्याच आळ्यात. कधीकधी बांध फुटून पाणी शेजाऱ्याच्या वाडीत जायचं आणि भांडण व्हायचं. यकृतातही हे होतं. म्हणून आधी एक रंगीत तालीम करतात. त्याच नळीतून आपलं लाडकं एमएए सोडायचं आणि किती कण फुप्फुसात निसटतात ते मोजायचं. जास्त निसटले तर खरं औषध द्यायचंच नाही.

मामाने एकदा रागाने विचारलं होतं, हे सगळं सिंधुदुर्गात का नाही? रागाची बरीच कारणं खरी आहेत, ती मी इथे काढत बसत नाही. पण एक कारण घड्याळातलं आहे. एफडीजीचं अर्धायुष्य ११० मिनिटं. मुंबईहून वेंगुर्ल्याला गाडीने दहा तास धरले तर पोचेपर्यंत शंभरातले दोन-अडीच उरतील. टेक्नेशियम तीसेक. मासे बर्फात घालून मुंबईला जातात. याला बर्फाचा उपयोग नाही. औषध माणसाकडे येऊ शकत नाही म्हणून माणूस औषधाकडे येतो, रात्रीची कोकणकन्या पकडून, मांडीवर रिपोर्टांची पिशवी घेऊन.

आयोडीनचं तसं नाही. त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, ते प्रवास सोसतं. मग मामीला वेंगुर्ल्यात गोळी का नाही? कारण गोळीनंतरची खोली. मामीची मात्रा १०० मिलिक्युरी (हे किरणोत्साराचं माप) होती, आणि ३० च्या वर गेलं की आपल्याकडे रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं. जाड भिंती, स्वतंत्र संडास, आणि त्या संडासाचं पाणी थेट गटारात न सोडता टाक्यांमध्ये साठवून, त्याचा किरणोत्सार निवू देऊन मग सोडायचं. गोळी स्वस्त वाटते, खोली महाग असते.

औषध कुठून द्यायचं यावर ते कुठे जाईल हे ठरतं, हे मी शिकूनच आले होते. मामीच्या वेळी मला कळलं की देणारी किती जवळ उभी राहील, हेही त्यावरच ठरतं. शिरेचं काम असलं की मी हात धरते, थोपटते, गावाचं नाव विचारते. मामीच्या वेळी सगळं आधी बोलून घेतलं. पाणी भरपूर पी, संडासाला दोनदा पाणी टाक, उद्यापासून लिंबू चोख म्हणजे लाळेच्या गाठी दुखणार नाहीत, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव. मग ट्रॉलीवर शिशाचं भांडं ढकलत आणलं. झाकण काढलं, आतली नळी चिमट्याने उचलून तिच्या हातात दिली आणि शिशाच्या पडद्यामागे गेले. तिने नळी ओठांना लावून मान मागे टाकली. हात गोळीला लागला नाही. घोटभर पाणी. झालं. एवढ्यासाठी चौदा दिवस मासे सोडले होते तिने.

"गेली," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तू थय कित्याक उभी?"

मी म्हटलं, आता तूच गोळी झालीस.

तीन दिवस मी खोलीच्या दारातून, किरण मोजायचा मीटर हातात धरून तिचे आकडे घ्यायचे. ती खाटेजवळच्या खुणेवर उभी राहायची, मी दाराजवळच्या. आकडा रोज खाली. चौथ्या दिवशी सोडलं. दहा तासांचा प्रवास नको म्हणून दोन दिवस तिला मावसभावाच्या रिकाम्या खोलीत ठेवलं, मग मामा गाडी ठरवून आला. मागच्या सीटवर, ड्रायव्हरच्या तिरक्या कोपऱ्यात बसायचं, नातवाला आठवडाभर मांडीवर घ्यायचं नाही, हे मी मामाला तिसऱ्यांदा सांगत होते. मामी गाडीच्या डिकीशी काहीतरी शोधत होती.

गावाहून आणलेली कापडी पिशवी निघाली. आमसुलं, कुळथाचं पीठ, आणि घावनासाठी तांदळाचं. मी हात पुढे केला. मामीने तो बघितला, मान हलवली, पिशवी फूटपाथच्या कट्ट्यावर नीट ठेवली, मोजून तीन पावलं मागे गेली आणि म्हणाली,

"घे आता."